मालिकेच्या गाण्यांचा अल्बम: श्रोत्यांची मतं नीट कशी गोळा करावीत

मालिकेचा अल्बम ऐकवून "कसा वाटला?" विचारलं की उत्तर बहुधा "छान आहे" येतं. पुढचं वाक्य मालिकेवर घसरतं: ती नायिका, तो लग्नाचा भाग, रात्रीच्या जेवणाची वेळ. गाण्याबद्दल शब्दही निघत नाही. १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं तेव्हा घरात असलेल्या माणसाला रवींद्र जैन यांच्या संगीताबद्दल विचारून पाहा, आधी रविवारची सकाळ ऐकायला मिळेल. आठवण वाईट नाही, पण ती गाण्याच्या गुणांत मिसळली की अल्बमबद्दल काहीच कळत नाही. खालची सगळी खटपट, म्हणजे नाशकातल्या दहा-बारा जणांना एकत्र बसवून अल्बम ऐकवणं आणि प्रत्येक गाण्यानंतर चिठ्ठीवर मत लिहून घेणं, या दोन गोष्टी वेगळ्या मोजण्यासाठी आहे.

आधी अल्बम स्वतः तपासा

मालिकेच्या अल्बमात सगळं एका ठेवणीचं नसतं. शीर्षकगीताची पूर्ण आवृत्ती, तीच चाल संथ आणि दुःखी, एखादं युगुलगीत, सणाचं किंवा हळदीचं गाणं, एखादा अभंग, अंगाई, शिवाय नुसत्या वाद्यांचे एक-दोन तुकडे. कधी वेगवेगळ्या गायकांची, वेगवेगळ्या वर्षी ध्वनिमुद्रित झालेली गाणी एकत्र केलेली असतात. एका कागदावर प्रत्येक गाण्याचा क्रमांक, लांबी, आवाज कोणाचा, आणि मालिकेत वाजलं ते हेच की वेगळी आवृत्ती, एवढं लिहून काढा. शीर्षकगीत टीव्हीवर साधारण अर्धा ते एक मिनिट वाजतं, अल्बमात तेच तीन ते पाच मिनिटांचं असतं. हा फरक पुढे फार उपयोगी पडणार आहे.

गायकांची नावं मोबाइल अॅपच्या पहिल्या ओळीवरून उचलू नका. तिथे अनेकदा बाराही गाण्यांना संगीतकाराचंच नाव लावलेलं असतं. गाण्याचा तपशील उघडून पाहा, सीडी असेल तर आतला कागद वाचा.

वेळेचा हिशोब असा: १२ गाणी, सरासरी ४ मिनिटांची, म्हणजे ४८ मिनिटं. प्रत्येक गाण्यानंतर लिहायला ४० सेकंद, म्हणजे आणखी ८ मिनिटं. चहाला १५ आणि बोलायला ३० मिनिटं. पावणेदोन तास धरा. बारापेक्षा जास्त गाणी असतील तर दोन बैठका करा. एका दमात सोळा गाणी ऐकवली की शेवटच्या चारांना दम लागलेल्या कानांचे गुण मिळतात.

माणसं आणि जागा

दहा ते बारा जण पुरेत. त्यातल्या निम्म्यांनी मालिका पाहिलेली असावी, निम्म्यांनी अजिबात नाही. "अधूनमधून पाहिली" हा तिसरा गट आपोआप तयार होतो, त्यांना वेगळं नोंदवा. नवरा-बायको, सासू-सून शेजारी बसवू नका. एकीने चिठ्ठीवर काय लिहिलं ते दुसरीला दिसतंच.

नाशिकमध्ये जागा निवडताना घड्याळ आणि रस्ता दोन्ही पाहावे लागतात. कॉलेज रोड, गंगापूर रोडला संध्याकाळी खिडकी उघडी ठेवली की हॉर्न गाण्यात येतात. पंचवटीत रामकुंडाच्या बाजूला संध्याकाळी आरतीच्या वेळी घंटा सुरू होतात, त्यामुळे तिथे सकाळ बरी. नाशिकरोडला रुळांजवळच्या इमारतीत गाडी गेली की खालचे स्वर ऐकूच येत नाहीत. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सगळ्यांत सोपा, कारण थंडीमुळे पंखा बंद आणि खिडक्या लावलेल्या चालतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातला सुरू करून सव्वानऊला उठा. पावसाळ्यात पत्र्याखालची जागा घेऊच नका.

खोलीत शिरल्यावर एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागून 'टण्ण' असा शेपटीचा आवाज आला तर गाण्याचे शब्द पुसट होणार. गुळगुळीत फरशी, कोऱ्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये हे हमखास होतं. सतरंज्या अंथरा, पडदे ओढा, समोरच्या भिंतीला दोन गाद्या उभ्या टेकवा आणि पुन्हा टाळी वाजवा. जुन्या नाशकातल्या वाड्याचं माजघर मिळालं तर सोनं: लाकडी तुळया, मातीच्या भिंती आणि कोनाडे-फडताळं, त्यामुळे आवाज तिथे घुमत नाही.

सोसायटीच्या रहिवाशांसाठी सोसायटीच्याच सभागृहात गाणी वाजवणं वेगळं आणि नाट्यगृह भाड्याने घेऊन तिकीट लावणं वेगळं. प्रताधिकार कायद्यात पहिल्या प्रकाराला सूट आहे. दुसऱ्यासाठी ध्वनिमुद्रिकांच्या हक्कधारकांचा परवाना आधी घ्यावा लागतो.

आवाजाची जोडणी, आणि गायक कुठे गेला?

दोन बरे स्पीकर पुरतात. ते एकमेकांपासून सहा-सात फुटांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. कोपऱ्यात सरकवले तर तबल्याचा डग्गा फुगतो आणि गायकाचा आवाज त्याखाली दबतो. ब्लूटूथने काम होतं, पण मधेच फोन आला की गाणं थांबतं. गाणी आधी उतरवून घ्या, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि तारेने जोडा. अॅपमधली दोन गाणी एकमेकांत मिसळण्याची सोय बंद करा, अल्बम संपल्यावर आपोआप भलतंच गाणं लागण्याची सोयही बंद करा.

साउंडवाल्याकडून भाड्याने मिक्सर आणला असेल तर एक चूक फार होते. फोनची स्टीरिओ पिन मोठ्या जॅकमध्ये अडकवून सरळ मिक्सरच्या एकाच चॅनेलमध्ये खुपसली जाते. गाणं सुरू होतं, बासरी ऐकू येते, कोरस ऐकू येतो, पण मुख्य गायिका गायब! तिची फक्त लांबून आल्यासारखी घुमती सावली उरते. कारण सोपं आहे. मिक्सरचा तो चॅनेल पिनेच्या दोन टोकांमधला फरक घेतो. गायिकेचा आवाज डाव्या-उजव्या दोन्हींत सारखाच असतो, त्यामुळे वजाबाकीत तो शून्य होतो. एका टोकाला छोटी स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो जॅक अशी वायर घ्या आणि दोन चॅनेल वापरा. हे न कळता बैठक झाली तर बाराच्या बारा जण लिहितील की गायिकेचा आवाज कमी आहे, आणि त्यात बिचाऱ्या ध्वनिमुद्रकाचा काही दोष नसेल.

लॅपटॉपवरून वाजवताना सतत 'हूंऽऽ' आवाज येत असेल तर चार्जर काढून पाहा. थांबला तर बॅटरीवरच चालवा. आवाज पातळ आणि दिशाहीन वाटत असेल, ढोलकीचा घुमारा नाहीसा झाला असेल, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लागल्या आहेत.

आवाजाची पातळी: इथेच बहुतेक मतं बिघडतात

दोन गाण्यांपैकी एक किंचित मोठं वाजलं तर ऐकणाऱ्याला ते 'मोठं' वाटत नाही, 'चांगलं' वाटतं. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरकही पुरतो. सरमिसळ अल्बममध्ये हा फरक त्याहून बराच जास्त असू शकतो: नव्या पद्धतीने दाबून मोठं केलेलं हळदीचं गाणं आणि त्याच्या पाठोपाठ तानपुऱ्यावरचा मोकळा अभंग. अशा वेळी अभंगाला कमी गुण मिळतात ते आवाजाच्या पातळीमुळे.

तुमच्याकडे सीडी किंवा विकत घेतलेल्या फाइल असतील तर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळी गाणी उघडा. 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' निवडून उणे १८ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आकडा भरा आणि नव्या नावाने जतन करा. उणे १४ मोहक वाटतो, पण मोकळ्या ध्वनिमुद्रणाला तितकं वर ओढलं की त्याची शिखरं कापली जाऊन आवाज फाटतो. मोठ्याला खाली आणणं नेहमीच सुरक्षित.

फक्त अॅपवरची गाणी असतील तर लॅपटॉप नको. मधल्या खुर्चीवर फोन ठेवून आवाज मोजायचं अॅप चालू करा, प्रत्येक गाण्याचा मुखडा वाजवा आणि आकडा लिहा. फोनचा आकडा तंतोतंत खरा नसतो, पण दोन गाण्यांतला फरक त्यावर नीट कळतो. सगळी गाणी ७० ते ७५ डेसिबलच्या आसपास येतील अशा आवाजाच्या खुणा कागदावर करून ठेवा आणि बैठकीत त्याप्रमाणे बटण फिरवा.

आता एक पेच. गाण्यागाण्यांत आवाज वरखाली होणं हा अल्बमचाच दोष असेल तर आपण तो झाकून टाकला की! म्हणून शेवटी सांधे वेगळे ऐकवा. एका गाण्याचे शेवटचे १५ सेकंद आणि पुढच्याचे पहिले १५ सेकंद, पातळी न बदलता, मूळ क्रमाने. बारा गाण्यांचे अकरा सांधे म्हणजे साडेपाच मिनिटं. प्रश्न एकच विचारा: "आवाज कमी-जास्त करायला हात पुढे गेला असता का?" अल्बमच्या क्रमाबद्दलही इथेच खरं कळतं. अंगाई संपते न संपते तोच ताशा कडाडला की खोलीतले चेहरे बघा.

चिठ्ठ्या

एका गाण्याला एक चिठ्ठी, आणि गाणं झालं की लगेच गोळा. सगळी गाणी एकाच कागदावर असली की माणसं मागचे गुण बघून पुढचे देतात, मागे जाऊन खोडतातही. ए-फोरचे चार तुकडे करा: १२ जण, १२ गाणी, १४४ चिठ्ठ्या, म्हणजे ३६ कागद. प्रत्येकाची माहिती (भाग, वय, मालिका पाहिली का) सुरुवातीला लिहून घ्यायला आणखी तीन कागद. पेन्सिली द्या, टकटक करायच्या बॉलपेनने गाण्याचा ठेका धरणारा एक तरी असतोच.

चिठ्ठीवर चार गोष्टी. पहिली, गाणं ओळखीचं वाटलं का. दुसरी, ऐकताना मालिकेतला प्रसंग डोळ्यांसमोर आला का: हो, पुसट, नाही. तिसरी, कान कुठे गेला: शब्द, चाल, आवाज, ठेका की एखादं वाद्य. चौथी, गुण. दहापैकी गुण मागू नका. दहापैकी म्हटलं की आपल्याकडे सात-आठ देऊन मोकळं होतात, कुणाला दुखवायला नको म्हणून. त्याऐवजी पुढे काय कराल ते विचारा. ० म्हणजे पुढे ढकलेन. १, लागलं तर ऐकेन. २, स्वयंपाक करताना किंवा गाडीत चालेल. ३, मुद्दाम लावेन. ४, दुसऱ्याला पाठवेन. खाली एका वाक्याची जागा सोडा. कळवण-मालेगावकडचं कुणी ते वाक्य अहिराणीत लिहीत असेल तर तसंच राहू द्या, प्रमाण मराठी करत बसू नका.

गाणं सुरू असताना लिहायचं नाही, संपल्यावर ४० सेकंद. चहा सहाव्या गाण्यानंतर. चिवडा मात्र सगळं संपल्यावरच, कारण बारा तोंडांत चिवडा असताना तंबोरा ऐकू येत नाही. नाशकात हा नियम पाळून घेणं सगळ्यांत अवघड जातं, आधीच सांगून ठेवा.

तोच अल्बम दोन वेगळ्या गटांना दोन बैठकांत ऐकवणार असाल तर पहिलीत अल्बमचा मूळ क्रम ठेवा, दुसरीत सातव्या गाण्यापासून सुरू करून मग पहिली सहा. सुरुवातीची गाणी ताज्या कानांनी ऐकली जातात आणि शेवटचं ताजं आठवतं. मधल्यांवर अन्याय होतो, तो असा थोडा फिटतो.

बोलणं, आणि त्यातून नेमकं काय काढायचं

सगळ्या चिठ्ठ्या हातात आल्यावरच चर्चा. आधी धाकट्यांना बोलू द्या. काका एकदा "आता पहिल्यासारखी गाणी होत नाहीत" म्हणाले की कॉलेजातली पोरं मान डोलावून गप्प बसतात.

"छान" या शब्दावर थांबू नका. संवाद साधारण असा न्यावा:

"काकू, छान म्हणजे नेमकं काय आवडलं?"

"अरे, ती सून देवघरात दिवा लावते ना, तेव्हा लागायचं हे."

"दिवा घटकाभर बाजूला ठेवू. हा मुखडा डोळे मिटून परत ऐका. पहिल्यांदा कान कुठे जातो?"

"…ती मागे बासरी आहे. पण मग कडव्यात ती गेली कुठे?"

हे शेवटचं वाक्य लिहून घ्यायचं. त्यात वाद्य आहे, जागा आहे आणि तक्रारही आहे.

"मालिकेत जास्त चांगलं वाटायचं" हे वाक्य हमखास येतं. त्याची कारणं तीन असू शकतात आणि तिन्ही तपासता येतात. मालिकेत गाणं पाऊण मिनिटात संपायचं, इथे दुसऱ्या कडव्यात ताणलं गेलं. त्यासाठी फक्त पहिली ४५ सेकंदं वाजवा आणि पुन्हा गुण विचारा. गुण वाढले तर चाल चांगली आहे, लांबी नडली आहे. दुसरं कारण टीव्हीचं: त्याच्या लहान स्पीकरमधून खालचे स्वर फारसे येत नाहीत, म्हणून गळा पुढे वाटायचा. स्पीकरचा बास कमी करून तोच मुखडा लावा. दोन्हींनी फरक पडला नाही तर तिसरं कारण, म्हणजे आठवण. मग चिठ्ठीवरच्या 'प्रसंग डोळ्यांसमोर आला' या उत्तराशी ताडून पाहा.

"शब्द कळत नाहीत" म्हटलं की आधी खोलीवर संशय घ्या, मग गायकावर. तक्रार करणाऱ्याला आणि दुसऱ्या एकाला हेडफोनवर तेच कडवं ऐकवून शब्द लिहायला सांगा. हेडफोनवर कळले तर दोष खोलीचा. तिथेही चुकले तर उच्चार किंवा वाद्यांची गर्दी. नेमका कोणता शब्द चुकीचा ऐकू आला तेही लिहा, त्यातून पुष्कळ कळतं.

"सगळी एकसारखीच आहेत" ही तक्रार मोजता येते. प्रत्येक गाण्याचे १५ सेकंदांतले ठोके मोजून चारने गुणा. बारापैकी आठ गाणी ८० ते ९० ठोक्यांत निघाली तर श्रोत्याचं बरोबर आहे. ठोके वेगवेगळे निघाले तर शीर्षकगीताचीच चाल किती ठिकाणी वेश बदलून आली आहे ते शोधा. याच्या उलट "नुसती खिचडी आहे" म्हणणाऱ्याला विचारा, कोणती दोन गाणी काढली तर राहिलेली एकत्र शोभतील? सगळे तीच दोन नावं घेत असतील तर अल्बमची अडचण निवडीत आहे. प्रत्येक जण वेगळी घेत असेल तर ती सरमिसळ स्वभावानेच आहे, त्याला दोष म्हणू नये.

हिशोब

बारा माणसांवर टक्के काढू नका. "बारापैकी सातांनी" असं लिहा. सरासरीऐवजी मधला आकडा घ्या: गुण चढत्या क्रमाने मांडायचे आणि मधला उचलायचा, माणसं सम असतील तर मधल्या दोघांची सरासरी. पाहिलेल्यांचा आणि न पाहिलेल्यांचा मधला आकडा वेगळा काढा. समजा शीर्षकगीताला पाहिलेल्या सहांनी ३, ३, ४, ४, ४, ४ दिले आणि न पाहिलेल्या सहांनी १, १, २, २, २, ३. मधले आकडे ४ आणि २. वरच्या दोन पायऱ्या मालिकेच्या खात्यात जमा करा. अंगाईला दोन्हीकडे ३ आले तर ती मालिकेच्या आधाराशिवाय उभी आहे. कधी उलटही होतं: न पाहिलेल्यांना गाणं आवडतं आणि पाहिलेल्यांना नाही. तेव्हा ते गाणं मालिकेत किती वेळा वाजवलं गेलं ते विचारा. रोज त्याच प्रसंगी तेच ऐकून कान विटलेले असतात.

लिहिताना वरती किती जण, किती जणांनी मालिका पाहिलेली, कोणत्या आवृत्त्या वाजवल्या आणि पातळी सारखी केली होती का, हे चार ओळींत सांगा. मतं देणाऱ्यांची नावं नकोत. 'सिडको, चाळिशीतली, मालिका पूर्ण पाहिलेली' एवढं पुरतं. एकट्याचंच असलेलं पण नेमकं मत गाळू नका. बारांतल्या एकीलाच बासरी गेल्याचं कळलं असेल, पण पुन्हा ऐकल्यावर बाराही जणांना ते पटतं.

आठ दिवसांनी सगळ्यांना एकेक फोन करा आणि एवढंच विचारा: "त्यातलं एखादं गुणगुणून दाखवता?" गाण्याचं नाव तुम्ही घेऊ नका, मालिकेचंही नाही. जी ओळ येईल ती, चुकलेल्या शब्दांसकट, त्यांच्या चिठ्ठीच्या मागे लिहा.